सोबत पालक आणावा

नॅकची मूल्यांकन समिती यायची असली की आपल्या महाविद्यालयांना अपंगांविषयी जो उमाळा येतो, त्याला तोड नाही. सातव्या निकषात अडथळामुक्त परिसराची चौकशी असते. रॅम्प किंवा लिफ्ट आहे का, वेगळं स्वच्छतागृह आहे का, फलक आहेत का, स्क्रीन रीडरसारखी साधनं आहेत का, वाचक-लेखनिक-मदतनीस आहेत का. 'चार किंवा सर्व' या पर्यायावर खूण करायची आणि जिओटॅग केलेले फोटो जोडायचे. फोटोच्या दिवशी रॅम्पवरच्या मोटारसायकली हलवल्या जातात. रॅम्पच्या वरच्या टोकाला जी एक पायरी उरलेली असते, ती फोटोत येऊ नये म्हणून एनएसएसचा एक विद्यार्थी तिथे हसत उभा केला जातो. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आमच्या पाहण्यातल्या एका कॉलेजने हेच काम चार फुटांत उरकलंय. तिथे चढताना दोन माणसं लागतात आणि उतरताना देव.

एक अट मात्र सगळी कॉलेजं अगदी प्रामाणिकपणे पूर्ण करतात. मदतनिसाची. कारण तो नेमावा लागत नाही. तो विद्यार्थ्याबरोबरच येतो, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. त्याला आई म्हणतात.

२०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा बराच उदार आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव झाल्या. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं व्याख्येतच लिहून टाकलं. म्हणजे सोय संस्थेने करायची. पण आपले प्राचार्य कायदा आणखी खोलात जाऊन वाचतात. विद्यार्थ्याला जन्मतःच एक आई मंजूर झालेली असताना कॉलेजने पुन्हा मदतनीस द्यायचा, म्हणजे एकाच लाभार्थ्याला दुहेरी लाभ. ऑडिटला काय उत्तर द्यायचं? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला निदान तासाचे पैसे मिळतात, दिवाळीचे शिमग्याला का होईना. आईचं तसलं काही देणं निघत नाही. ती व्हरांड्यातल्या बाकावर पाच-पाच तास बसते, पोराला स्वच्छतागृहात नेते, झेरॉक्स काढते आणि शिपायाला वाढदिवसाला पेढेही देते.

लेखनिकाची गोष्ट तर स्वतंत्र कादंबरीची. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिकांची यादी तयार ठेवायची, विद्यार्थ्याची लेखनिकाशी दोन दिवस आधी गाठ घालून द्यायची, असं ठरलं होतं. विद्यार्थ्याने स्वतःचा आणला तर तो शिक्षणात एक पायरी खालचा हवा, असंही. प्रत्यक्षात रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो : 'उद्या मुलाचा टीवायचा इकॉनॉमिक्सचा पेपर. एसवायचं कुणी आहे का? अक्षर बरं हवं. रिक्षाभाडं देऊ.' खाली चौदा जण हात जोडतात, एक काका 'फॉरवर्ड केलं' म्हणतात आणि एक मावशी चुकून गुलाबाचं फूल टाकतात. शेवटी जो सापडतो तो सायन्सचा. मुलगा सांगतो 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत', हा लिहितो 'घटत्या सिमेंट उपयोगितेचा'.

शिवाय तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चौथा तास. या चौथ्या तासात वर्गातले पंखे एकेक करून बंद होतात. पर्यवेक्षक बाई पर्स खांद्याला लावून 'झालं का रे?' असं मायेने दर पाच मिनिटांनी विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये यूपीएससीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की लेखनिक मिळायला चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. परीक्षा विभागाचं म्हणणं, वाचलं आम्हीही पेपरात, पण आमच्याकडे परिपत्रक आलेलं नाही.

कॉलेज असं म्हटल्यावर पालक तरी कशाला मागे राहतील? बाबा सहसा दोनदाच येतात. एकदा प्रवेशाला, 'मंत्रालयात आपली ओळख आहे' हे सांगायला, आणि एकदा पदवीदानाला, फोटो काढायला. मधली वर्षं आईची. काही घरांत बोर्डाच्या फॉर्मवर मुलगा अध्ययन अक्षम असतो, सवलतीचे गुण मिळतात, आणि लग्नाच्या बायोडेटात तोच 'इंजिनिअर, निर्व्यसनी, कोणताही दोष नाही' होतो. अठराव्या वर्षी या मुलांना आमदार-खासदार निवडता येतात. विषय निवडायला मात्र आईच लागते. बारा वर्षं शाळेशी भांडून भांडून तिला भांडणाची इतकी सवय झालेली असते, की पोराने स्वतः तोंड उघडलं तर तिला तो आपल्या खात्यातला हस्तक्षेप वाटतो. तिचा तरी काय दोष म्हणा. ती गप्प बसली असती तर पोरगं दहावीपर्यंत पोचलं नसतं.

परवा एका कॉलेजच्या ऑफिसात आम्ही दाखल्यासाठी ताटकळत होतो. पुढे एक अंध मुलगी, हातात पांढरी काठी, पाठीला लॅपटॉप. मागे आई. हेडक्लार्कनी अर्ज मुलीच्या हातून घेतला आणि आईला विचारलं, "हिला काय पाहिजे?"

"मला नोट्स युनिकोडमध्ये पाहिजेत सर," मुलगी म्हणाली. "सरांच्या नोट्स श्रीलिपीत आहेत. स्क्रीन रीडर काहीतरी इंग्रजी अक्षरं बरळतो. आणि बाकीचे नुसते पानांचे फोटो."

दिसत नाही म्हणजे ऐकूही कमी येत असणार, अशा हिशेबाने साहेब ओरडले, "बाळा, तुझा वर्ग आपण खाली घेऊ हं! जिना नको!"

"जिन्याचा मला त्रास नाही."

"खालीच बरं," आई म्हणाली. "आणि साहेब, ही स्पेशल इंग्लिश घ्यायचं म्हणते, ते तुम्हीच समजवा. बँकेच्या परीक्षेला काय उपयोग त्याचा?"

मुलीचा मजला, विषय आणि नोकरी दोन मिनिटांत ठरली. नोट्स तेवढ्या राहिल्या.

मग साहेबांनी तिचं अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड उजेडात धरून उलटंसुलटं पाहिलं. २०२४ साली पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला, तेव्हापासून प्रत्येक कारकुनात एक सीबीआय अधिकारी जागा झालाय. "रागावू नका मॅडम, हल्ली बोगस फार," ते आईला म्हणाले. त्यांची खात्री पटली असावी, कारण त्यांनी हमीपत्र पुढे सरकवलं. पाल्यास आवारात इजा झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही. पालकांची सही.

आईने पेन काढलंसुद्धा.

"मी अठरा पूर्ण आहे, सही मी करते," मुलगी म्हणाली.

"पण वाचल्याशिवाय सही कशी करणार तू?"

"तुमच्याकडे वाचक आहे ना? नॅकच्या अहवालात लिहिलंय. वेबसाइटवर आहे, ती पीडीएफ मात्र छान वाचली माझ्या लॅपटॉपने."

साहेबांनी आईकडे पाहिलं. आईने पेन परत पर्समध्ये टाकलं. नाइलाजाने साहेबांनी चष्मा लावून हमीपत्र मोठ्याने वाचलं, मुलीने सही ठोकली आणि विचारलं, "आता कॉलेजचं?"

"कॉलेजचं काय?"

"हमीपत्र. नोट्स कोणत्या तारखेला मिळतील त्याचं."

साहेबांनी ड्रॉवर उघडला, दोन फायली खालीवर केल्या.

"तसा फॉर्मॅट नाही," ते आईला म्हणाले.