नऊ इंच आणि तीन मीटर

मुंबईच्या उपनगरात चाकूंचा शौकीन ओळखायचा असेल तर त्याचा डावा हात बघावा. उजव्या हातावर चारचौघांसारखे केस असतात, डाव्यावर मात्र मनगटापासून कोपरापर्यंत मधेमधे लख्ख मोकळे पट्टे. धार नीट लागली की नाही हे बघायची या मंडळींची जुनी रीत म्हणजे पातं हलकेच हातावरून फिरवायचं. केस उडाले, की धार पास. शौक जितका जुना तितका हात गुळगुळीत. ऑफिसात कोणी विचारलंच तर तो ॲलर्जी असल्याचं सांगतो.

हा माणूस अंधेरीत सॉफ्टवेअरमध्ये असतो, मुलुंडला बँकेत, बोरिवलीत शाळेत गणित शिकवतो आणि घाटकोपरला त्याचं हार्डवेअरचं दुकान असतं. वय चाळिशीच्या आगेमागे, डोक्यावर घराचा हप्ता. स्वभाव इतका मवाळ, की रिक्षावाल्याने मान हलवून नकार दिला तर हाच त्याला ‘सॉरी’ म्हणतो. आयुष्यात कोणावर आवाज चढवलेला नाही, मग हत्यार कुठलं उगारतोय! पण गरम कपड्यांच्या खणात, म्हणजे मुंबईत जो खण कधीच उघडावा लागत नाही तिथे, त्याचा खजिना असतो.

खजिन्यात फ्रान्सचा ओपिनेल असतोच. 1890 सालापासून जवळपास त्याच घाटाचा, लाकडी मुठीचा, घडीचा चाकू. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, हे तो झोपेतही सांगतो. शेजारी व्हिक्टोरिनॉक्सचा लाल स्विस चाकू. कार्ल एल्सनरने 1884 मध्ये इबाख गावात कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि 1897 मध्ये बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्रासकट अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवून घेतला. घाटकोपरच्या ज्या इमारतीत कांदासुद्धा लिफ्टमधून लपवून न्यावा लागतो, तिथे ते मळसूत्र वर्षानुवर्षं कोरं राहतं. मग देहरादूनची खुकरी. आणि एक रामपुरी, छोटा. मोठा मिळायचा नाही, कारण उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांवरच्या पात्यावर नव्वदच्या दशकात बंदी घातली. हिंदी सिनेमाने ज्याच्या ‘खट्‌खट्‌’ आवाजावर कित्येक खलनायक पोसले, त्या चाकूचे कारागीर त्यानंतर हळूहळू दुसऱ्या धंद्यांना लागले. रामपूर शहराने 2023 मध्ये चौकात वीस फुटी चाकूचा पुतळा उभारून त्याची भरपाई केली. पुतळ्याला साडेचार इंचांची अट नसावी.

या सगळ्या पात्यांनी घरात आजवर काय कापलं? रविवारची पुरवणी. कागद उभा धरून वरून खाली सर्रकन चिरायचा, ही धारेची दुसरी परीक्षा. स्वयंपाकघरात सासरहून आलेली विळी आणि प्लॅस्टिकच्या लाल मुठीची, करवतीसारख्या दातांची स्वस्तातली सुरी, एवढ्यावर संसार चालतो. एकदा बायकोने लाल भोपळा पुढे ठेवला आणि खणातली जपानी सुरी आण म्हणाली. त्याने समजावलं, की हे पोलाद रॉकवेलच्या मापात साठच्या वर आहे. कडक असल्याने धार टिकते पण ठिसूळही असतं. भोपळ्याच्या सालीला, हाडाला, नारळाला लावलं तर पात्याचा टवका उडेल. ती ऐकून घेत होती आणि तोवर विळीवर भोपळ्याच्या फोडी होऊन गेल्या. सासूबाई आतून एवढंच म्हणाल्या, “सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही गं.”

त्याचा खरा वैरी मात्र पाऊस. जून उजाडला की बिनस्टेनलेस पोलादावर तांबूस ठिपके उठतात. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवावा तर चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं. उघडा ठेवावा तर मुलं. मग बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या जमवणं, पात्यांना तेल चोळणं, रविवारी सकाळी सगळ्यांना सतरंजीवर मांडून एकेकाची विचारपूस करणं. पोटच्या पोरांना कोणी इतक्या नेमाने तेल लावलं नसेल.

त्याच सुमाराला खाली सायकलवर दगडी चाक बसवलेला धारवाला हाळी देतो. बाया विळ्या, कात्र्या घेऊन उतरतात. आपला माणूस खिडकी लावून घेतो. फिरत्या कोरड्या चाकावर पातं तापतं, तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, हे त्याला सहन होत नाही. तो स्वतः हजार नंबरच्या आणि सहा हजार नंबरच्या ओल्या दगडावर तासभर एकच पातं घासतो. धारवाला तेवढ्या वेळात सबंध इमारतीच्या विळ्या लावून पुढच्या सोसायटीत पोचलेला असतो. पोलादाच्या शास्त्रात शौकीन बरोबर आहे. संसाराच्या शास्त्रात धारवाला.

कायद्याशी त्याने मैत्री ठेवलेली असते. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम त्याने आयकराच्या फॉर्मपेक्षा बारकाईने वाचलेले. त्यांत तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्या पंगतीला चाकूही बसवले आहेत. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते हत्यार. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं असेल तर सूट. म्हणजे शहाळेवाल्याचा कोयता निर्दोष, खाटकाचा सुरा निर्दोष, आणि ज्याने जन्मात काकडी चिरली नाही ते साडेनऊ इंची पातं मात्र आरोपी. म्हणून त्याच्या खणात चाकूंबरोबर फूटपट्टी असते. तरी धाकधूक संपत नाही. घरात ठेवणं वेगळं आणि रस्त्याने मिरवणं वेगळं. मुंबईत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाईहुकूम काढतात आणि त्यात सुरेही येतात. मे 2018 मध्ये औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-चाकूंची पार्सलं पोलिसांनी पकडली, तेव्हापासून कुरिअरवाल्याने खालून फोन केला की याचं काळीज लकाकतं.

मराठी रंगभूमीवरची सगळ्यात गाजलेली कट्यार पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 1967 च्या नाटकातली. त्यात राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिने केलेला एक खून माफ असतो. शस्त्र नियमांत असलं कलम शोधून सापडत नाही.

इथवर शौक झाकून नेता येतो. फेकायची हौस जडली की पंचाईत सुरू होते.

फेकायचा चाकू दिसायला अगदी सामान्य. एका अखंड पोलादी पट्टीचा, टोक अणकुचीदार, कडा मात्र बोथट, कारण फेकताना कधी पात्याकडूनच धरावं लागतं. पोलादही मुद्दाम थोडं नरम ठेवतात, म्हणजे आपटून मोडण्याऐवजी वाकेल. वेगळी मूठ नसल्यामुळे पातं नेमकं कुठून सुरू होतं हा प्रश्न कायदेपंडितांनाही विचारात पाडील. नाक्यावर गाडी थांबवलेल्या हवालदारसाहेबांना तो समजावून सांगायची वेळ आपल्यावर येऊ नये, अशी प्रार्थना तो प्रत्येक नाकाबंदीला करतो.

फेकण्यात ताकदीचा भाग थोडा, अंतराचा मोठा. मुठीकडून धरून फेकलेला चाकू साधारण तीन-साडेतीन मीटरांत स्वतःभोवती एक गिरकी पुरी करतो आणि टोकाने रुततो. पात्याकडून धरला तर दोन-सव्वादोन मीटरांत अर्ध्या गिरकीत काम होतं. जोरात फेकला तर तो लवकर पोचतो, पण गिरकीही तेवढीच जलद घेतो, त्यामुळे हिशोब फारसा बदलत नाही. नवशिका रुतला नाही की जोर वाढवतो. मुरलेला गडी अर्धं पाऊल मागे सरतो. युरोपातल्या स्पर्धांमध्ये तीन, पाच आणि सात मीटरांवरून फेकतात. बोरिवलीच्या वन बीएचकेमध्ये सोफा उचलून पलंगावर ठेवला तर तीन मीटर कसेबसे भरतात. पाच मीटरांसाठी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागेल. सातसाठी जिन्यात.

बरं, चुकलेला चाकू मुकाट्याने खाली पडत नाही. तो उसळून परत येतो, कधी फेकणाऱ्याच्या पायापर्यंत. म्हणून जगभर या खेळात बंद बूट घालतात आणि निशाणाच्या फळ्याच्या आसपास कोणाला उभं करत नाहीत. इथे फळ्याच्या डाव्या हाताला देवघर आणि उजव्या हाताला हप्त्यावर घेतलेला टीव्ही.

रुतला तरी आवाज होतोच. ठप्प. थोड्या वेळाने पुन्हा ठप्प. अशाच एका शौकिनाच्या सोसायटीत सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर सूचना लावली, की रात्री नऊनंतर खलबत्त्यात मसाला कुटू नये. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. गोष्ट तिथेच मिटायची, पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी घरच्या कुटलेल्या मसाल्याची वाटीभर चव मागितली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन किलोभर मसाला आणतो, साध्या डब्यात भरतो आणि काकूंना देतो. काकूंच्या मते त्याच्या हाताला चव आहे.

मग बाहेर कुठे जावं? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवलीकराच्या दाराशी, शंभरावर चौरस किलोमीटरांचं. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीवाचून हत्यार घेऊन आत जाता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन लिहिलेला आहे. आतले बिबटे मात्र प्रत्येकी अठरा नख्या घेऊन बिनधास्त हिंडतात. रस्त्याकडेच्या झाडावर सराव करावा, तर झाडाला इजा करणं म्हणजे झाड तोडणंच, असं 1975 चा महाराष्ट्राचा वृक्ष कायदा म्हणतो, आणि या बाबतीत तो कायदा शंभर टक्के बरोबर आहे. घाटकोपरहून अंधेरीला मित्राच्या गच्चीवर जायचं म्हटलं तर मेट्रो काही मिनिटांची, पण स्टेशनात शिरताना पिशवी यंत्रातून सरकते. पडद्यावर आडव्या पडलेल्या तीन पट्ट्या बघून तिथल्या बाईंना काय वाटेल, या विचारानेच तो परत फिरतो.

परंपरेकडे वळावं तर तिथेही कोणी पाठीवर हात ठेवत नाही. विळीत पातं जागेवर आणि भाजी फिरते. फेकण्याच्या कलेला याहून उलटं काही असू शकत नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात दांडपट्टा आहे, लाठी आहे, भाला आहे. फेकायचं म्हणून एक अस्सल मराठी हत्यार आहे ते विटा. भाल्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकला, लागला की ओढून परत. टाकलेली वस्तू हरवू द्यायची नाही, ही मध्यमवर्गीय जाण पूर्वजांकडे होती हे बघून शौकिनाला भरून येतं.

सर्कशीचा मान तर आपल्याकडेच आहे. कुरुंदवाड संस्थानात घोडेस्वारी शिकवणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली आणि देशी सर्कशीचा जमाना सुरू झाला. पुढे सर्कशीच्या तंबूत चाकूफेक हा हमखास टाळ्यांचा प्रकार झाला. त्यात फेकणाऱ्याचं नाव जाहिरातीत मोठ्या टायपात छापायचे आणि फळ्याला टेकून हसत उभ्या राहिलेल्या बाईचं बहुतेक वेळा छापतच नसत. खरी हिंमत कोणाची, हे न कळण्याइतके प्रेक्षक दुधखुळे नव्हते. मुलुंडच्या शौकिनाने एकदा हा इतिहास जेवताना सविस्तर सांगितला. बायको म्हणाली, “आधी तुझ्या बॉसला उभा कर.”

वर्षातून एक दिवस त्याचा असतो, खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रं पुजायची असतात आणि इमारतीत बाकी सगळे लॅपटॉप, स्कूटर आणि पक्कड यांना झेंडूची फुलं वाहत असतात. याच्याकडे खरोखरची पाती. सासूबाई स्वतः हळदकुंकू लावतात. कुंकवाचा ओला ठिपका बिनस्टेनलेस पात्यावर रात्रभर राहिला तर डाग पडतो, हे त्या दिवशी तो बोलत नाही. सगळे झोपल्यावर उठून पुसतो.

आणि कधी फारच उदास वाटलं तर तो वर्सोव्याच्या मासळीबाजारात जातो. तिथे कोळीण फळीवर सुरमई आडवी टाकते, गिऱ्हाइकाशी भावावरून भांडते, शेजारणीला हसते, आणि या सगळ्यात न बघता कोयत्याने एकसारख्या तुकड्या पाडत जाते. हजार नंबरचा दगड नाही, रॉकवेल नाही, हातावरचे केस शाबूत. तो अर्धा तास उभा राहतो. “घेनार का नुसता बगनार?” असं तिने विचारलं की पाव किलो मांदेली घेऊन निघतो. मांदेलीला सुरी लागत नाही.

या लेखाच्या वाचकांना एक विनंती आहे. चाकू रुतायला लाकडाचं आडवं कापलेलं खोड लागतं, तंतूंची टोकं समोर येतील असं, आणि शक्यतो मऊ. प्लायवूड चालत नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका फांद्या छाटते आणि पावसात झाडं पडतातच. आपल्या सोसायटीसमोर यंदा असं एखादं खोड पडलं आणि महापालिकेची माणसं ते कापून उचलत असतील, तर त्यांची परवानगी घेऊन वीतभर जाडीची, दोन हात रुंदीची एक चकती बाजूला ठेवून द्यावी. डाव्या हातावर केस नसलेला कोणी विचारत आला तर ती त्याला द्यावी, लिफ्टपर्यंत उचलू लागावं, आणि सेक्रेटरींनी विचारलं तर पोळपाटासाठी नेलं म्हणून सांगावं.