हवनातलं तूप आणि पत्रिकेतले गुण

अहो कुंदावहिनी, काल कुठं होतात? वाचनालयाच्या हॉलात अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं, व्याख्यान होतं, तुमच्यासाठी खुर्चीवर पिशवी टाकून ठेवली होती मी. शेवटी एका आजोबांनी मागितली, मग द्यावी लागली.

“सायलीच्या स्थळाचे फोन चालले होते हो. आणि म्हटलं, त्या व्याख्यानात असणार काय? देव नाही, धर्म नाही, घरी जा.”

तसलं काही नव्हतं. देवाबद्दल तर अक्षर नाही. आपल्या साताऱ्याचे दाभोलकर डॉक्टर तरी कुठं कुणाचा देव काढून घ्यायचे? देवाच्या नावावर कोण किती उकळतो, एवढंच विचारायचे. त्यांनी 1989 साली ही समिती काढली, तेव्हापासून ही मंडळी गावोगाव असले कार्यक्रम करतायत. कालचा पोरगा तर तिशीचाही नसेल. पण हात काय चालतो त्याचा! टेबलावर छोटं होमकुंड मांडलं, दोनचार काटक्या, वर जांभळट पूड भुरभुरली आणि पळीनं तूप सोडलं. काडेपेटी नाही, काही नाही. नुसते ओठ हलवत बसला. हॉल चिडीचूप. आणि वहिनी, भप्पकन जाळ!

“अगंबाई! मंत्रानं?”

मंत्र कसला, तो म्हणे पाढे म्हणत होता. ती पूड म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आपण विहिरीत टाकायचो ना, तीच. आणि तूप म्हणजे ग्लिसरीन. दिसायला तसंच दाट. दोन्ही भेटली की लगेच नाही पेटत, थोडा वेळ जातो. तेवढ्यात बुवा मंत्र पुटपुटतो आणि आपल्याला वाटतं मंत्रानंच पेटलं. ग्लिसरीन गार असलं तर आणखी वेळ लागतो म्हणे, मग मंत्र लांबवायचा.

मग हळद-चुन्याचं पाणी लाल करून दाखवलं, जिभेवर कापूर जाळला. टाळ्यांवर टाळ्या. आपले ते रिटायर्ड हेडमास्तर, पहिल्या रांगेत, सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या. दरवेळी मागं वळून, “बघा लोक कसे फसतात!” लोक म्हणजे आपण नव्हे, हे त्यात आलंच.

मग निघाला गणपतीच्या दुधाचा विषय.

“ते मला नका सांगू. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. रांगेत उभी होते मी.”

मग पाजलंत?

“पाजलं की. चमचा सोंडेला लावला, दूध गेलं. शेजारची म्हणाली, प्यायले! म्हटलं, प्यायले असतील, पण माझ्या साडीच्या निऱ्या कशानं ओल्या झाल्या?”

वहिनी! हे तुम्ही काल येऊन सांगायला हवं होतं. अहो, अगदी तेच. पृष्ठताण म्हणतात त्याला. चमच्याच्या काठाला फुगून आलेलं दूध दगडाला टेकलं की ओढलं जातं आणि पातळ होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध, दिसणार कुणाला? शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला, मग ओघळ सगळ्यांना दिसला.

पण खरी गंमत पुढं. इथवर हॉल खूश होता. पोरानं सामान आवरलं, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, “आता पत्रिकेकडे वळू या का?” टाळ्या बंद. एवढा वेळ बुवा-बाबांचं चाललं होतं, ते काय आपल्या कुणाचे लागतात? पत्रिका मात्र आपल्या कपाटात असते, पिवळ्या पिशवीत, लॉकरच्या चावीशेजारी.

“माझी तर डब्यात आहे. म्हणजे सायलीची.”

माहितेय. ऐका. आपले जयंत नारळीकर, दाभोलकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे, एवढ्यांनी मिळून 2008 साली चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, सगळ्यांच्या जन्मवेळा घेऊन दोनशे पत्रिका बनवल्या. नाव नाही, गाव नाही. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवायच्या आणि विचारायचं, ह्यातलं हुशार कोण आणि दुसरं कोण? बास. लग्न कधी, नोकरी कुठं, असलं काही नाही. 51 जणांनी भाग घेतो म्हणून सांगितलं. उत्तरं धाडली 27 जणांनी.

“आणि किती आली बरोबर?”

शंभरातली सेहेचाळीस, सरासरीनं. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती! चाळिसात अठ्ठावीस बरोबर आली तर ज्योतिषी पास, असं आधीच ठरवून ठेवलं होतं. सगळ्यात हुशार निघाला त्याची चोवीस.

इथं हेडमास्तर उठले. तेच, टाळ्यावाले. म्हणाले, “शास्त्र खरंच आहे. सांगणारे अर्धवट असतात.” तो पोरगा चिडला नाही हो. म्हणाला, “सर, पुरा ज्योतिषी कोण ते चाचणीच्या आधी सांगा. निकाल लागल्यावर नको.” आणि एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका मागवून घेतल्या होत्या, तेही सांगितलं. त्यांच्या 102 बरोबर आल्या. सर खाली बसले. पटलं म्हणून नव्हे, गुडघे दुखतात म्हणून. मी ओळखते त्यांना.

मला विचाराल तर तो जाळ-बीळ नसता दाखवला तरी चाललं असतं. गर्दी त्यानं होते हे खरं. पण एखादी गोष्ट खरी की खोटी ते कसं बघायचं, हे त्या चाळीस पत्रिकांतच कळतं. आधी अट लिहून ठेवायची, कुणाचं काय ते झाकायचं, मग मोजायचं. हळदीचा डाग काय, कुणीही बघेल.

“पण मग जादूटोण्याचा कायदा झाला ना? त्यात ज्योतिषी का नाही धरत?”

डॉक्टर त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला गोळ्या घातल्या आणि मग काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा. शाळेत असताना आमचे भाऊ त्यांची कबड्डी बघायला जायचे, अजून बोलता बोलता गप्प होतात... असो. तर त्या कायद्यात नरबळी आहे, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण आहे. ज्योतिषाला मात्र हात नाही. नंदीबैलवाल्यासकट सगळ्यांना सूट आहे. तुमच्या गुरुजींना कुणी धरणार नाही, घाबरू नका.

“मी कशाला घाबरू? गुरुजी घाबरतील. रविवारी मुलाकडचे येतायत. परवा गुरुजींचा फोन, गुण तेवीस जुळले, पण मंगळाचं जरा बघावं लागेल, शांत करून घ्या. खर्च आम्ही सांगू.”

मग? करताय शांत?

“थांबा हो. तुमच्या धाकटीची पत्रिका आहे ना घरी?”

आहे की. तिचं तर लग्न होऊन दोन पोरं झाली.

“द्या मला. दोन्हींवरची नावं कागदानं झाकते आणि एकदमच ठेवते गुरुजींपुढं. म्हणते, ह्यातली एक सुखानं नांदतेय, एकीचं अजून व्हायचंय. कुठली कुठली ते सांगा, मग देते शांतीचे पैसे.”

वहिनी, तुम्ही खरंच काल यायला हवं होतं. थांबा, पिशवी घेऊन येते.