सुतावरून सिनेट
डॉक्टरांना कोर्टात घाम फोडणाऱ्या तरुण वकिलाने आधी काय शिकलेलं असावं? कापड! नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन एडवर्ड्स गिरणीकामगाराचे चिरंजीव. १९७४ साली त्यांनी वस्त्रतंत्रज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची १९७७ साली.

जन्मतःच मेंदूला इजा झालेल्या मुलीचा दावा १९८५ साली चालवताना, ज्युरीसमोर ते चक्क पोटातल्या बाळाच्या तोंडून बोलू लागले. ज्युरीने ६५ लाख डॉलर मंजूर केले. अशा दाव्यांत जिंकल्याशिवाय फी नाही, जिंकलं की घसघशीत वाटा. गळा आपोआप दाटून येत असावा.

१९९८ साली सिनेट मिळालं. २००४ साली उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, तेव्हा स्वर्ग दोनच बोटं उरला होता. मतदारांची बोटं मात्र तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या नावाकडे वळली.