उणे साठचे तात्या

प्रत्येक धरणाच्या कडेला असा एक माणूस असतोच. उजनीच्या कडेला, जेऊरला तात्या आहेत. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर त्यांना "बरं हाय का तात्या?" विचारलं, की उत्तर येतं, "बावीस टक्के." तब्येत, ऊस, केळी, घरातलं वातावरण, सगळं त्यात आलं. उजनी शंभरावर गेली की तात्या इस्त्रीचा सदरा घालतात. उण्यात गेली की दाढी सोडून देतात. 2024 च्या जूनमध्ये धरण उणे साठला टेकलं, तेव्हा नवखी माणसं त्यांच्या पाया पडू लागली होती.

बाहेरच्याला हे 'उणे' कळत नाही. रिकाम्याच्याही खाली काय असणार? तात्या मग त्याला बाकड्यावर बसवून घेतात. उजनीत सगळं मिळून 117 टीएमसी मावतं. त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा. टक्केवारी चालते ती वरच्या साडेत्रेपन्नास टीएमसीची. ते संपलं की खालच्याला हात घालायचा, ते उणे. "मेलेलं पाणी म्हणत्यात लगा, पण निम्मं वरीस आमी त्याच्यावरच जगतो."

खरी विद्या वेळेची. काठावरच्या मोटारी पाण्यामागं धावत असतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, की पाईप आणि केबल जोडत खाली जायचं. पावसाळ्यात ते परत येतं, तेव्हा मोटार बुडायच्या आत वर ओढायची. एक दिवस चुकला तर मोटार माशांना. म्हणून आपल्या आभाळात ढग नसतानाही तात्या पुण्याकडे डोळे लावून बसतात. खडकवासल्यातून किती सोडलं, बंडगार्डनला किती, दौंडला किती. हिशोब तोंडपाठ: 6200 क्युसेक चोवीस तास आलं की एक टक्का. कालवा सुटला, आषाढीसाठी चंद्रभागेत पाणी गेलं, सोलापूरला प्यायला म्हणून औज बंधाऱ्याकडे नदीतून सोडलं, की वहीत तेवढे वजा. वजा करताना पेन जरा जास्त दाबलं जातं. त्यांच्या वडिलांचं रान याच धरणाच्या तळाला आहे, त्यामुळे हिशोब तपासायचा आपला हक्क ते गृहीत धरतात, आणि त्यावर टपरीत कुणी वाद घालत नाही.

पुण्याच्या पुतण्यानं गेल्या पावसाळ्यात त्यांना कोलाडला नेलं. कुंडलिकेवर राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून खळाळत्या पाण्यात उड्या मारत जायचं. कामाला नाही, गावाला नाही, उगाच. तात्या तयार झाले, कारण रस्ता ताम्हिणी घाटाचा आणि वाटेत मुळशी धरण. तिथं गाडी थांबवून त्यांनी पुतण्याची उजळणी घेतली. हे पाणी कुठल्या नदीचं? मुळेचं. मुळा कुठं जाते? पुण्यात मुठेला मिळून भीमेला. भीमा? "उजनीला," पुतण्या म्हणाला. "मग हितलं पाणी तिकडं का येत नाही?"

कारण ते सह्याद्रीच्या पलीकडे उतरवतात. टाटांनी मुळा अडवली आणि 1927 पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, त्याची वीज मुंबईला जाते. पुढे रवाळज्याला पुन्हा वीज काढून ते कुंडलिकेत सुटतं. "शंभर वर्सं झाली, सेनापती बापट बोंबलून सांगत हुते!" तात्या घाटभर म्हणत राहिले. बापट भांडले ते मुळशीकरांच्या जमिनींसाठी, आणि तेव्हा उजनी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पण तात्यांनी त्यांना लाभक्षेत्रात घेतलं ते घेतलंच.

कोलाडला वल्ही, हेल्मेटं, लाइफ जॅकेटं चढवून सगळे काठावर तयार. नदीत मात्र दगडच जास्त. पाणी वीजघरातून सुटेल तेव्हा निघायचं. पुण्यामुंबईची पोरं कंटाळून फोटो काढू लागली. तात्या एकटे खुशीत होते. पाण्याची वाट बघणं ही त्यांची घरची गोष्ट. पाण्याच्या कडेला त्यांनी एक काडी रोवली. काडी हलली तशी गाइडच्या आधी तेच ओरडले, "आलं!"

पहिल्या उतारावर होडी उभी राहिली. पोरी किंचाळल्या, पुतण्याचा चष्मा गेला. गाइड ओरडत होता, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" तात्या वल्हं मांडीवर ठेवून विचारत होते, "किती क्युसेकनं चाललंय?" पुढच्या लाटेनं त्यांना नखशिखांत भिजवलं. तोंडात गेलेलं पाणी बाकीच्यांनी थुंकलं, तात्यांनी गिळलं. "आपलंच हाय," म्हणाले.

उतरताना त्यांनी गाइडचा नंबर घेतला. आता वहीत दौंडच्या शेजारी नवा रकाना आहे: 'पळवलेलं'. रोज सकाळी कोलाडला फोन जातो, "सुटलं का?" सुरुवातीला गाइड वैतागायचा. मध्यंतरी एका रविवारी काठावर गिऱ्हाइकं खोळंबली आणि पाणी काही येईना, तेव्हा त्यानंच फोन केला.

"तात्या, आज काय झालं हो?"

"रविवार हाय लेका. मुंबईचे कारखाने झोपल्यात, वीज कुणाला पाहिजे? दुपारच्यानं सोडतील. तवर चा पाज लोकांस्नी."

पाणी दुपारी सुटलं. गाइडनं त्यांना पुढच्या वेळी फुकट राफ्टिंग कबूल केलंय. तात्या म्हणाले, राफ्टिंग राहू दे, त्याबदल्यात अर्धा टक्का इकडं लावून दे.