टाकी धुण्याचा मुहूर्त

मी देवधर्म मानत नाही, म्हणून सोसायटीनं मला एकमतानं सेक्रेटरी केलं. ‘तुम्हाला सण नाही, वार नाही, उपास नाही. तुम्ही कायम मोकळे,’ असं दुसऱ्या मजल्यावरचे माळकरी अण्णा म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात आला.

वसईतल्या आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी २०२५च्या ऑगस्टमध्ये धुवायची ठरली. टाकी धुवायची म्हणजे दिवसभर नळ कोरडे. जगातल्या धर्मांचं बाकी कशावर एकमत असो-नसो, पाणी सगळ्यांना लागतं. चाचांना वजूला लागतं, अण्णांना तुळशीला लागतं, बेनना तर उकळून, गार करून, दिवस मावळायच्या आत प्यायला लागतं.

मी कॅलेंडर घेऊन बसलो. २७ ऑगस्टला गणपती. त्याच दिवशी श्वेतांबर बेनची संवत्सरी. बेनचं पर्युषण संपतं न संपतं तोच सांगलीकडच्या दिगंबर काकांचं दशलक्षण पर्व सुरू, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबर. आदल्या दिवशी, ५ला, चाचांची ईद-ए-मिलाद. ८ला तळमजल्यावरच्या कुपारी मावशींच्या मरियामातेचा जन्मदिवस. (मावशी पिढ्यान्‌पिढ्या वसईच्या. त्यांची मिस्सा मराठीत, भांडणही मराठीत.) मधला ७ तारखेचा रविवार मोकळा दिसला म्हणून मी हरखलो, तर त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण! ‘ग्रहण सुटल्यावर आंघोळ कशानं करायची? सॅनिटायझरनं?’ अण्णांनी विचारलं.

या सगळ्या गर्दीला खरा जबाबदार चंद्रच आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. आपलं पंचांगही तशीच घसरगुंडी खेळतं, पण मध्येच अधिक मास घालून स्वतःला सावरतं. अशा दोन अधिक मासांच्या मधल्या काळात कधी कधी मिलाद आणि विसर्जन हात धरून चालतात. २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं ते झालं. तिन्ही वर्षी मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी मिलादचा जुलूस विसर्जनाच्या पलीकडे नेला. २०२५ला सरकारनं मुंबई शहर आणि उपनगरांची सुट्टीसुद्धा ५ऐवजी ८ सप्टेंबरला दिली. मुंबईएवढं शहर जुलूस हलवू शकतं आणि मला एक टाकी धुता येईना!

तसे आम्ही एकमेकांना सांभाळून असतो. पर्युषणात मावशी सुके बोंबील भाजत नाहीत. ते संपल्याची बातमी मला कॅलेंडरच्या आधी जिन्यात कळते. ईदला चाची घरोघर शीरखुर्मा पाठवतात, पण बेनकडे मात्र सुक्या मेव्याचं दुकानातलं सीलबंद पाकीट जातं; सील बेननं स्वतःच्या सुरीनं फोडायचं. अण्णांसाठी नाताळात मावशी बिनअंड्याचा केक करतात. तो केक विटेसारखा होतो. अण्णा ‘विटेवर उभा’ म्हणत भक्तिभावानं संपवतात. कुणी कुणाला ‘असं का?’ म्हणून शास्त्र विचारत नाही, ‘कधीपर्यंत?’ एवढंच विचारतं. माझ्या मते शेजारधर्माला एवढं धर्मज्ञान पुरतं. आणि रविवारी दुपारी दोन ते चार माझी बेल कुणी वाजवत नाही. नास्तिकाच्या झोपेचाही मान राखणारी इमारत आहे ही.

पितृपक्षात तरी जमेल म्हटलं, तर प्रत्येकाच्या पितरांची तिथी वेगळी. शिवाय १४पासून वांद्र्याला मोतमाऊलीची जत्रा, मावशींकडे पाहुण्यांची रीघ. चौथ्या मजल्यावरचे बौद्ध सर म्हणाले, ‘मी मुहूर्त मानत नाही. कधीही धुवा. फक्त धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडून.’ तो कधी? ‘तारखेनं १४ ऑक्टोबर, एरवी अशोक विजयादशमी. आम्ही दोन्ही पाळतो.’ म्हणजे २ ऑक्टोबरही गेला. पुढचे दिवस पडदे, डबे आणि चकलीच्या भाजणीनं खाल्ले. तिथं धर्माचा संबंध नव्हता. तिथं बायकोनं सांगितलं होतं.

अखेर दिवाळी उरकल्यावर सोमवार, २७ ऑक्टोबर निघाला. रविवार नाही, शुक्रवार नाही, एकादशी नाही, ग्रहण नाही. सर्वधर्मसंमत तारीख! मी नोटीस लावली, सगळ्यांनी बादल्या भरल्या, मावशींनी तर पिंपही. सकाळी टाकी धुणाऱ्याचा फोन आला : ‘साब, आज नहीं. आज छठ है.’

त्याच्या घरच्या बायका छत्तीस तास पाण्याचा थेंब न घेता उपास करत होत्या आणि संध्याकाळी पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देणार होत्या. इमारतीतल्या झाडून सगळ्यांचे सण विचारून झाले होते. ज्याला टाकीत उतरायचं होतं, त्याचा सण विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तो ३० तारखेला आला, सोबत ठेकुआचा डबा घेऊन. गव्हाचं पीठ, गूळ, तूप. कांदा नाही, अंडं नाही, मटण नाही. अण्णांनी खाल्ला, चाचांनी खाल्ला, मावशींनी दोन घेतले, बेननं घटक पदार्थांची उलटतपासणी करून सूर्यास्ताच्या आत संपवला. आमच्या इमारतीत सगळ्या मजल्यांना चालणारा एवढा एकच पदार्थ मी आजवर पाहिला.

२०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे ईद-ए-मिलाद आणि विसर्जन एकमेकांपासून लांब जातात. तुमच्याही टाक्या धुवायच्या असतील तर तारखा आत्ताच बघून ठेवा, आणि पहिला फोन टाकीवाल्याला करा.