मी आपला स्पष्टच बोलतो

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात खोटं बोलायला निदान थोरली माणसं असायची. ‘पोहे हिनेच केलेत’ हे मावशी सांगायची, ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ हे काका. मुलामुलीने फक्त सतरंजीचे धागे मोजायचे. आता डेटवर ही सगळी खाती एकट्यालाच सांभाळावी लागतात.

टिंडर २०१२ साली आलं आणि हळूहळू अख्खं पुणे ट्रेकर झालं. खोदून विचारलं तर कळतं, सिंहगड. तोही गाडीने, पिठलं-भाकरीसाठी. ‘वाचनाची आवड’ असलेल्याला शेवटचं पुस्तक कोणतं, हे मात्र विचारू नये. कॉफी उगाच गार होते.

खरा धोका ‘मी आपला स्पष्टच बोलतो’ म्हणणाऱ्याचा. जुन्या मैत्रिणीचे दोष आणि स्वतःचा मोठेपणा, दोन्हींवर तो विनासंकोच बोलतो. लग्नाचं काय, असं विचारलं की हाच स्पष्टवक्ता मेन्यूकार्ड पुन्हा उघडतो.

मग बिल येतं. दोघांचेही हात पाकिटाकडे जातात, पण इतके सावकाश, की वेटरच ओशाळतो. शेवटी तो देतो. ‘पुढच्या वेळी मी हं,’ ती म्हणते. पुढची वेळ नाही, हे तिघांनाही ठाऊक असतं.