सुसंवादाचा दिंडोरी आदर्श

दिंडोरी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील संगीत शिक्षकांचे हार्दिक अभिनंदन! अध्यापनातील कल्पनांची देवाणघेवाण करावी तर त्यांनीच: मतभेद नाहीत, हेवेदावे नाहीत, प्रवासभत्त्याची बिलेही नाहीत. कारण पहिली ते पाचवीला संगीत शिक्षकाचे स्वतंत्र पदच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कला शिक्षणाला अंशकालीन निदेशक दिला, तोही सहावी ते आठवीला, पट १०० च्या वर असेल तरच. १०० मुलांना तालाची गरज नसते. १०१ वे आले की ती उत्पन्न होते. उत्तरायुष्यात जवळच नाशकात आश्रम काढणाऱ्या गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी स्वरलिपीचा खटाटोप उगाच केला. घ्यायलाच कोणी नसेल, तर लिहून कशाला ठेवायचे? हा आदर्श गणितालाही लागू करावा, अशी शिफारस करणार होतो. तेवढ्यात रिक्त पदांची यादी पाहिली. अंमलबजावणी सुरू आहे.